टोकियोत बस्तान बसवताना

या शहरात एक काम दुसऱ्याच्या गळ्यात अडकलेलं असतं. पत्ता नोंदवल्याशिवाय फोन मिळत नाही, फोन नंबराशिवाय बँकेत खातं उघडत नाही, आणि खातं नसलं की विजेच्या बिलापासून मुलाच्या भत्त्यापर्यंत सगळं खोळंबतं. क्रम चुकला की महिना गेलाच. मी २००९ साली सांगलीहून नवऱ्याबरोबर एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला आले, तेव्हा हा क्रम मला कुणी सांगितला नव्हता. कागदपत्रं कंपनीच्या माणसानं परस्पर केली आणि तीन महिने मी अशा शहरात राहिले, जिथे माझ्या नावावर साधा फोनही नव्हता. म्हणून हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे नोकरीवर जाणारा माणूस कमी आहे आणि दिवसभर घरी राहणारं माणूस जास्त. नोकरीवाल्याला ऑफिस सांभाळून घेतं. शहराशी रोजची गाठ घरच्या माणसाची पडते.

टोकियोच्या २३ वॉर्डांपैकी कुठेही राहिलात तरी पुढच्या बहुतेक पायऱ्या त्याच आहेत. उदाहरणं मात्र निशी-कासाईची देते, कारण तो परिसर मला पायाखालचा आहे आणि आपली माणसं तिथे बरीच आहेत. तोझाई मेट्रोनं निहोनबाशी आणि ओतेमाचीच्या बँका-कचेऱ्यांपर्यंत गाडी न बदलता जाता येतं. २००० सालच्या संगणकी संकटाच्या तयारीसाठी भारतातून इंजिनिअर आले, ते म्हणूनच इथे राहिले. २०१९ मध्ये याच एदोगावाच्या वॉर्ड सभेवर पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले.

निघायच्या आधी

लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले घ्या, आणि त्यांचं जपानी भाषांतर घरूनच करून आणा. इथे वॉर्ड ऑफिसात कुटुंबप्रमुखाशी तुमचं नातं नोंदवतात आणि त्यासाठी मूळ दाखल्याबरोबर भाषांतर मागतात. भाषांतरावर करणाऱ्याचं नाव आणि सही असली की चालतं, सरकारी शिक्का लागत नाही. पुण्यात जपानी शिकणारी इतकी मुलं आहेत की हे काम एका संध्याकाळीत होतं. दाखला नसला तर बायको कागदावर बायको म्हणून न लागता नुसती एकत्र राहणारी व्यक्ती म्हणून लागते, आणि ते पुढे निस्तरत बसावं लागतं.

कंपनीनं पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलं असेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं व्याप्ती प्रमाणपत्र आधी काढून घ्या. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. ते प्रमाणपत्र हातात असलं की जपानी पेन्शनमध्ये दुहेरी पैसे भरावे लागत नाहीत.

औषधांच्या बाबतीत फार जपा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराची आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्याआधी जपानच्या आरोग्य खात्याकडून परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे सर्दीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं. ते दहा टक्क्यांहून जास्त असलेलं औषध आधी परवानगी काढल्याशिवाय जपानमध्ये आणायला बंदी आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर घरीच वाचून काढा.

बॅगेत कढीपत्ता, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आंबे असं काही ताजं भरू नका. रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय ताजी फळं-भाज्या आत येत नाहीत, आणि मांसाचे पदार्थ तर मुळीच नाहीत. हिंग, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, आमसुलं आणा. पोहे, तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ इथे भारतीय दुकानांत मिळतं, त्यासाठी वजन घालवू नका.

घरचा मिक्सर आणू नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. २३० व्होल्टचा मिक्सर इथे नुसता घुं-घुं करतो, चटणी काही वाटली जात नाही. तो चालवायला जो ट्रान्सफॉर्मर लागतो तो मिक्सरपेक्षा जड असतो. परदेशासाठी बनवलेला ११० व्होल्टचा मिक्सर मागून घ्या. तो किंचित हळू फिरतो, पण इडलीचं पीठ नीट होतं. कुकर मात्र जरूर आणा. शिट्ट्या आणि रिंगा दोन जादा.

आणि एक काम कागद-पेन्सिल घेऊन करा. आपलं नाव काताकाना लिपीत कसं लिहायचं ते ठरवा. जपानीत ळ नाही, ण नाही, जोडाक्षरं फुटतात. म्हात्रे कुणी ‘मातोरे’ लिहील, कुणी ‘मुहातोरे’. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर असेल तर तेही सगळीकडे येणार. जपानी जाणणाऱ्या माणसाकडून एकच रूप पक्कं करून घ्या, चार जागी लिहून ठेवा आणि त्यानंतर अक्षरही बदलू नका. माझ्या फोनवर एक रूप होतं आणि बँकेच्या अर्जावर दुसरं. एका मात्रेसाठी माझा अर्ज दोनदा परत आला.

पहिले चौदा दिवस

नारिता किंवा हानेदा विमानतळावर दीर्घ मुदतीच्या व्हिसावाल्यांना तिथेच रेसिडेन्स कार्ड मिळतं. जपानीत ‘झाइर्यू कादो’. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकानं ते कायम जवळ बाळगायचं असतं. भाजी आणायला खाली उतरलात तरी. जवळ नसल्याबद्दल दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

राहायला गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे ‘कुयाकुशो’त, पत्ता नोंदवायचा. एदोगावात मुख्य कचेरीखेरीज भागाभागात शाखा आहेत, आणि निशी-कासाईच्या लोकांना कासाईची शाखा सोयीची पडते. सोमवारी सकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी जा. घरातले सगळे जा, तान्हं बाळ असेल तर त्याचंही कार्ड आणि पासपोर्ट घ्या. मागच्या बाजूला पत्ता छापून कार्डं परत मिळतात. त्याच फेरीत पुढची कामं उरकायची आहेत, म्हणून दुपार मोकळी ठेवा.

एक, आरोग्य विमा. नोकरीवाल्याचा कंपनीतून होतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचाही. विद्यार्थी किंवा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं. डॉक्टरांच्या बिलाचा तीस टक्के भाग आपण भरायचा, बाकीचा विमा भरतो. दोन, मुलांचा भत्ता, ‘जिदो तेआते’. जपानी नसलेल्या पण इथे नोंदलेल्या कुटुंबांनाही तो मिळतो. तीन वर्षांखालच्या मुलाला महिना १५,००० येन, पुढे अठराव्या वर्षाचं शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत १०,०००, आणि तिसऱ्या मुलापासून ३०,०००. अर्ज पंधरा दिवसांत करायचा. उशीर झाला तर मधल्या महिन्यांचे पैसे मागाहून मिळत नाहीत. तीन, मुलांचं वैद्यकीय कार्ड. टोकियोच्या २३ वॉर्डांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना विम्यातल्या उपचारांचे पैसे पडत नाहीत, पण हे कार्ड काउंटरवर दाखवावं लागतं. ही दोन्ही कामं आपल्या कितीतरी कुटुंबांची महिनोन्‌महिने राहून जातात, कारण ऑफिसातल्या कुणाला ती ठाऊकच नसतात.

माय नंबर हा बारा आकडी क्रमांक दोन-तीन आठवड्यांनी टपालानं घरी येतो. दारावरच्या टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवलेलं असू द्या. नाव नसलं की पोस्टमन पाकीट परत नेतो, आणि या पाकिटावाचून पुढे पगार, बँक, कर सगळ्यांत अडथळा येतो.

पत्ता झाला की त्याच आठवड्यात फोन. प्रत्येक मोठ्या माणसाचा नंबर त्याच्या स्वतःच्या नावावर घ्या. ‘कशाला, माझ्याच खात्यावर जोडतो’ असं नवरा प्रेमानंच म्हणतो. पण इथे बँक, विमा, मुलाची शाळा, दवाखान्याची वेळ, सगळीकडे नंबरावर येणारा आकडा विचारतात, आणि तो नंबर ज्याच्या नावावर तोच माणूस खरा धरतात. बिल भरायला बँक खातं मागणाऱ्या कंपनीच्या नादी लागू नका. भारतातलं क्रेडिट कार्ड चालेल किंवा कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, रोख भरता येईल अशी कंपनी निवडा. फोन की बँक आधी, हा गुंता तिथे सुटतो.

बँकेचं तसं सोपं नाही. घरी राहणाऱ्या माणसाला बऱ्याच बँका सहा महिने पूर्ण होईपर्यंत अनिवासी धरतात. टपाल खात्याची युचो बँक तुलनेनं लवकर खातं देते, पण कार्डाची मुदत तीन महिन्यांहून जास्त शिल्लक हवी. पासबुक हातात पडेल त्या दिवशी विजेचं आणि पाण्याचं बिल त्या खात्याला जोडून टाका.

घर

घर शोधताना एजंटाच्या कागदावर तीन शब्द वाचायला शिका. ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत. ‘रेइकिन’ म्हणजे मालकाला द्यायची भेट, ती परत मिळत नाही. ‘होशोगाइशा’ म्हणजे तुमची हमी घेणारी कंपनी, तिची फी वेगळी. हे सगळं मिळून पहिल्याच दिवशी चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतका खर्च होतो. यूआर नावाच्या सरकारी संस्थेच्या इमारतींत रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नाही, मुदत वाढवायची फी नाही. दोन महिन्यांची अनामत भरली की झालं. निशी-कासाईच्या कोजिमाचोतल्या वसाहतीत भारतीयांची एवढी घरं आहेत त्याचं मोठं कारण हे. इमारती जुन्या आहेत, पण खोल्या ऐसपैस आणि खाली मुलांना खेळायला जागा.

किल्ली घेऊन दार उघडाल तेव्हा दचकू नका. छताला दिवा नसतो, खिडकीला पडदे नसतात, ओट्यावर शेगडी नसते. पहिल्या रात्रीसाठी एक टेबललॅम्प आणि जुन्या चादरी जवळ ठेवा. वीज आणि पाणी इंटरनेटवरून किंवा फोनवरून सुरू होतं. गॅसला मात्र माणूस घरी यावा लागतो, तुमच्या समोरच तो तपासणी करून गॅस उघडतो. त्याची वेळ आठवडाभर आधी घ्या. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला सारं जपान घरं बदलत असतं, तेव्हा ही वेळ लवकर मिळत नाही.

शेगडी घेताना ती शहरी गॅसची आहे ना, पाहून घ्या. सिलिंडरच्या गॅसची शेगडी त्याला चालत नाही. आणि एक गोष्ट, जी मला वर्षभर कळली नव्हती. इथल्या घरगुती शेगडीच्या प्रत्येक बर्नरच्या मध्यभागी एक छोटं गोल बटण वर आलेलं असतं. तो उष्णतेचा सेन्सर. भांड्याचा तळ फार तापला की तो आच आपोआप बारीक करतो. भाकरीचा तवा सणसणीत तापतो न तापतो तोच ज्योत मिणमिणते. फुलका आचेवर धरावा तर तीच गत. बऱ्याच शेगड्यांवर सेन्सर काही वेळ बाजूला ठेवायचं बटण असतं, ते तीन सेकंद दाबून धरायचं. मग भाकरी फुगते. दुकानात शेगडी घेतानाच ते बटण कुठे आहे ते विचारून घ्या, आणि काम झालं की सेन्सर परत सुरू होऊ द्या.

स्वयंपाकाला उभं राहण्याआधी पंखा लावा, आणि फोडणी देताना बाल्कनीचं दार लोटून घ्या. शेजाऱ्यांचे कपडे त्याच बाल्कनीच्या रांगेत वाळत असतात. जून-जुलैच्या पावसाळ्यात कपाटाच्या मागे बुरशी धरते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि गाद्या रोज उचला.

कचरा

नव्या माणसाची परीक्षा इथे होते. वॉर्ड ऑफिसातून कचऱ्याचं वेळापत्रक घ्या, इंग्रजीत मिळतं, आणि फ्रिजच्या दारावर लावा. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, पुन्हा वापरात येणाऱ्या वस्तू एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. सकाळी आठच्या आत ठरल्या जागी ठेवायचा, आदल्या रात्री नाही. पिशव्यांवर जाळी नीट ओढून घ्यायची. टोकियोचे कावळे धिप्पाड असतात आणि जाळीचा एक कोपरा उघडा राहिला तरी सगळा रस्ता उकिरडा करतात.

बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, विसळून, दाबून टाकायची. पुठ्ठे दोरीनं बांधायचे. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. ते जुन्या कापडात किंवा वर्तमानपत्रात शोषवून जळणाऱ्या कचऱ्यात टाका. ओला कचरा घट्ट निथळून घ्या. डाळ-भाताच्या घरातला कचरा पाणीदार असतो आणि पिशवी वाटेत गळते. एखादी बाजू ३० सेंटिमीटरहून मोठी असलेली वस्तू, म्हणजे खुर्ची, गादी, मुलाची जुनी गाडी, उचलून न्यायला आधी दिवस ठरवावा लागतो आणि कोंबिनीतून चिकटपट्टी विकत घेऊन तिच्यावर लावावी लागते.

चूक झाली तर पिशवीवर कारणाचा कागद चिकटवून ती तिथेच ठेवून जातात. ती मुकाट्यानं घरी आणा, नीट करा, पुढच्या दिवशी ठेवा. ती पिशवी तिथेच पडून राहिली की बोल सगळ्या परदेशी कुटुंबांना लागतो. आम्हा जुन्या लोकांना हे फार लागतं, म्हणून इतकं सविस्तर सांगते आहे.

शेजार

सामान लागलं की पहिल्या शनिवार-रविवारी दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या घरी जाऊन या. हातात पाचशे ते हजार येनची छोटी भेट. हातरुमाल किंवा बंद डब्यातली मिठाई. घरी केलेला पदार्थ पहिल्या भेटीत नको, त्यांना तो खाववत नाही आणि टाकवतही नाही. दारात उभं राहून आडनाव सांगायचं, कुठल्या नंबरच्या घरात आलो ते सांगायचं, आणि ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ म्हणून थोडं वाकायचं. लहान मूल असेल तर पावलांचा आवाज येईल, क्षमा करा, हेही सांगा. खालचे लोक नंतर महिनोन्‌महिने सहन करतात.

हे मी का सांगते? ११ मार्च २०११ च्या दुपारी पावणेतीनला मोठा भूकंप झाला, तेव्हा मी दीड वर्षाच्या मुलीला घेऊन सहाव्या मजल्यावर होते. घर हललं, कपाटातले डबे खाली आले, मग थांबलं. संध्याकाळी मुलीसाठी खिमट करायला शेगडी लावली तर गॅस नाही. नवरा ओतेमाचीहून चालत निघालेला, गाड्या बंद, फोन लागत नव्हता. मला वाटलं, सगळ्या शहराचाच गॅस गेला. तेवढ्यात शेजारच्या आजी बॅटरी घेऊन आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला जपानी जेमतेम. त्यांनी मला हाताला धरून दाराबाहेर नेलं, भिंतीतलं लोखंडी दार उघडलं, आत गॅसचा मीटर होता आणि त्यावर लाल दिवा लुकलुकत होता. आजींनी बटणावरचं टोपण फिरवून काढलं, बटण घट्ट दाबलं, सोडलं, आणि घड्याळाकडे बोट करून तीन बोटं दाखवली. तीन मिनिटं आम्ही दोघी जिन्यात उभ्या होतो. दिवा विझला. घरात ज्योत पेटली. मी राहायला आल्यावर त्यांच्याकडे हातरुमाल घेऊन गेले होते, तेवढीच आमची ओळख.

तर, घरात आल्या आठवड्यात तो मीटर कुठे आहे ते पाहून ठेवा. मोठा धक्का बसला की तो आपोआप गॅस बंद करतो. सगळ्या शेगड्या बंद करायच्या, टोपण काढून बटण दाबायचं, तीन मिनिटं गॅस वापरायचा नाही. गॅसचा वास येत असेल तर मात्र बटणाला हात न लावता गॅस कंपनीला फोन करायचा. दोघांनीही एकदा मीटरसमोर उभं राहून हे सगळं पाहून घ्या. आणीबाणीचे नंबर दोनच: पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९.

एदोगावात राहणाऱ्यांनी पुराचा नकाशाही मागून घ्यावा. वॉर्डाच्या जमिनीचा जवळजवळ सत्तर टक्के भाग भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहे. २०१९ मध्ये वॉर्डानं काढलेल्या नकाशाच्या मुखपृष्ठावरच स्पष्ट म्हटलं होतं की मोठा पूर येणार असेल तर इथे थांबू नका. आपलं घर कितव्या मजल्यावर, पाणी कुठपर्यंत चढू शकतं, दुसऱ्या वॉर्डात कुणाकडे जायचं, हे वादळ यायच्या आधी ठरवा.

बाजार आणि जेवण

शाकाहारी माणसानं आधी ‘दाशी’ समजून घ्यावी. सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाचं हे पाणी. मिसो सूप, उदोनचा रस्सा, हॉटेलात उकडून ठेवलेला भोपळा, सगळ्यांत ते असतं आणि दिसत नाही. ‘मासा आहे का’ असं विचारलंत तर ‘नाही’ हे उत्तर अगदी मनापासून येतं, कारण त्यांच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हे. विचारायचं असं: ‘कात्सुओ दाशी वा हाइत्ते इमासु का?’ पाकिटांवर डुकराचं मांस, गाय, कोंबडी, मासा, अंडं आणि जिलेटिन यांची जपानी अक्षरं कशी दिसतात त्यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. पावाच्या पाकिटावर लार्ड शोधा. पहिल्या महिन्यात बाजाराला दुप्पट वेळ लागतो, नंतर डोळे आपसूक त्याच अक्षरांवर जातात.

मेथी महाग आणि कोथिंबिरीची जुडी चार काड्यांची. त्याऐवजी कोमात्सुना घ्या. ही पालेभाजी मूळची आपल्याच वॉर्डातली, कोमात्सुगावा भागावरून तिचं नाव पडलं. पालकापेक्षा देठ करकरीत आणि किंचित मोहरीची चव. बारीक चिरून, लसणाच्या फोडणीवर परतून, वरून डाळीचं पीठ भुरभुरवून झाकण ठेवलं की पाच मिनिटांत झुणक्यासारखी मोकळी भाजी होते. मुळा, भेंडी, लाल भोपळा बारा महिने मिळतात. संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटात भाज्यांवर सवलतीच्या चिकटपट्ट्या लागतात. रोजचा बाजार तेव्हा करा.

गाडी, दवाखाना, भाषा

सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या, अनामत ५०० येन. तोझाई मार्गावरचा किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तिथली गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली होती. मुंबईच्या लोकलमध्ये मुरलेल्यांना दाटी नवी नाही, पण इथे त्या दाटीत आवाज नसतो. फोनवर बोलू नका, पाठीवरची पिशवी पुढे घ्या. मुलाला घेऊन जायचं असेल तर साडेनऊनंतर निघा.

आजारी पडल्यावर थेट मोठ्या इस्पितळात जाऊ नका. ठरावीक मोठ्या इस्पितळांत चिठ्ठीशिवाय गेलात तर पहिल्या भेटीचे किमान ७,००० येन जादा पडतात. आधी गल्लीतला दवाखाना: मोठ्यांना ‘नाइका’, मुलांना ‘शोनिका’. औषधाची चिठ्ठी दिल्या दिवसापासून चार दिवसच चालते, म्हणून त्याच वाटेवर औषधाच्या दुकानात जा. तिथे औषधांची छोटी वही देतात, ती जपा. पुढचा डॉक्टर तीच मागतो.

वॉर्डात स्वयंसेवक जपानी शिकवतात, फी नाममात्र असते. आल्या महिन्यातच नाव घाला, भाषा थोडी आली की जाऊ म्हणून थांबू नका. ग्रंथालयाचं कार्डही त्याच सुमारास काढा. घरी राहणाऱ्या माणसाला आठवड्यातले दोन ठरलेले दिवस कुठेतरी जायला मिळतं, चार ओळखी होतात. अवलंबित व्हिसावर असलात तरी इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करायची परवानगी मिळते. परवानगी मिळाल्याचा शिक्का कार्डाच्या मागे येतो. तो येण्याआधी एक तासही काम करू नका, पुढच्या व्हिसावर गदा येते. गणपतीला टोकियो मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जरूर या, तिथे मराठी ऐकून जीव थाऱ्यावर येतो. मात्र रोजच्या ओळखी दोन जिन्यांच्या अंतरातल्या असू द्या.

वर्ष फिरताना

पहिल्या वर्षी हातात येणारा पगार खरा धरू नका. रहिवासी कर मागच्या वर्षीच्या जपानमधल्या उत्पन्नावर लागतो आणि जूनपासून कापला जातो. त्यामुळे पहिल्या वर्षी तो नसतो आणि दुसऱ्या जूनमध्ये पगार एकदम उतरतो. करपात्र उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्के आतापासून बाजूला टाका. कार्डाची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा, घरातल्या प्रत्येकाची वेगळी, कारण त्या नेहमी एकच असतात असं नाही.

आणि १ सप्टेंबर. १९२३ च्या कांतो भूकंपाचा दिवस, जपानभर आपत्तीच्या तयारीसाठी पाळतात. त्या दिवशी दाराजवळची पिशवी उघडा. बॅटरी, फोनचा चार्जर, औषधं, पासपोर्टच्या प्रती, थोडी रोकड, चुरमुऱ्यांचं किंवा खाकऱ्याचं पाकीट. मुलांच्या कपड्यांचं माप वर्षात बदललेलं असतं, तेही बदला. माणशी रोज तीन लिटर या हिशेबानं तीन दिवसांचं पाणी भरलेलं असायला हवं. मुदत उलटलेल्या बाटल्या काढून नव्या ठेवा. जुनं पाणी मी बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीला घालते. रोप इथेच विकत घेतलेलं आहे. नोव्हेंबर लागला की ते घरात घ्यावं लागतं, थंडीत बाहेर टिकत नाही.